‘सरकार’ पडतं, ‘प्रशासन’ पडत नाही

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचक बाईंचा प्रश्न असा: “अमेरिकेवरच्या लेखात मी ‘अमेरिकी सरकारच्या तीन शाखा’ असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘शाखा’वर फुली मारली आणि ‘सरकार’खाली लाल रेघ ओढली. पुढे ‘बायडेन सरकार’चं ‘बायडेन प्रशासन’ केलं आणि ‘परराष्ट्र सचिव’चं ‘परराष्ट्रमंत्री’. कारण एकाचंही दिलं नाही. यात बरोबर कोण?”

ताई, चारही ठिकाणी तपासनीस बरोबर आहेत. फक्त कारण न सांगता लाल शाई वापरायची खोड वाईट, म्हणून कारणं मी सांगतो.

‘शाखा’ आधी उरकून टाकू. मराठीत शाखा बँकेची असते, पक्षाची असते. शाखा म्हटली की कुठेतरी मुख्य कार्यालय आहे आणि तिथून हुकूम सुटतात, हे आपण गृहीतच धरतो. अमेरिकेत काँग्रेस (म्हणजे तिथली संसद: प्रतिनिधिगृह आणि सेनेट), राष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय या तिघांच्या वर असं कुठलंच हेड ऑफिस नाही. वर आहे ती १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेली राज्यघटना, आणि तिने पहिल्या तीन कलमांत तिघांना ओळीने एकेक खोली देऊन टाकली आहे. यासाठी आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘अंगं’ हा शब्द चांगला आहे: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. गंमत म्हणजे त्या राज्यघटनेच्या मूळ मसुद्यात ‘ब्रँच’ हा शब्द येतो, पण या तीन अंगांसाठी नाही. तो येतो घटकराज्याच्या विधिमंडळातल्या जास्त सदस्यांच्या सभागृहासाठी. आणि आपण परीक्षेत घोकलेलं ‘नियंत्रण आणि समतोल’ तर त्यात शब्दशः कुठेच नाही. तत्त्व पानोपानी आहे, नाव मात्र नाही.

आता लाल रेघेकडे येऊ, कारण खरी मेख ‘सरकार’मध्ये आहे.

‘कोर्टाने सरकारला फटकारलं.’ ‘विरोधकांनी सरकारला सभागृहात धारेवर धरलं.’ ही वाक्यं आपण रोज वाचतो. यांतलं सरकार म्हणजे मंत्रिमंडळ आणि त्याच्या हाताखालची खाती. कोर्ट सरकारात नाही, विरोधक तर नाहीतच. हा अर्थ ब्रिटिशांच्या संसदीय पद्धतीबरोबर आपल्याकडे रुजला. अमेरिकन माणूस ‘गव्हर्नमेंट’ म्हणतो तेव्हा मात्र त्यात न्यायाधीश येतात, विरोधी पक्षाचा सेनेटर येतो, सगळेच येतात. म्हणून ‘सरकारची तीन अंगं’ लिहिलंत की मराठी वाचक अडखळतो: न्यायालय हे सरकारचं अंग कसं काय? तिथे ‘शासनसंस्था’ लिहा. शब्द थोडा वर्गातला वाटेल, पण त्यात तिघंही मावतात. नुसतं ‘शासन’ नको. एक तर आपल्याकडे पाटीवर ‘भारत सरकार’ आणि ‘महाराष्ट्र शासन’ असतं, तेव्हा ‘शासन’ म्हटलं की डोळ्यांपुढे मंत्रालय आणि शासन निर्णय येतात. दुसरं म्हणजे मराठीत शासन म्हणजे शिक्षाही.

मग ‘बायडेन सरकार’ का नको? इथे कोश बाजूला ठेवा आणि क्रियापद लावून बघा. मराठीत सरकार काय करतं? सरकार ‘येतं’, ‘स्थापन होतं’, ‘अल्पमतात जातं’ आणि ‘पडतं’. ही क्रियापदं या शब्दाला चिकटूनच येतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचं सरकार लोकसभेत पडलं ते एका मताने, २६९ विरुद्ध २७०. त्यांच्यावर कुणी गुन्ह्याचा आरोप ठेवला नव्हता. सभागृहाचा विश्वास उरला नाही, एवढंच पुरलं.

आता त्याच्या शेजारी १८६८ सालचं वॉशिंग्टन ठेवा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचं काँग्रेसशी मुळीच पटत नव्हतं. राष्ट्राध्यक्षांनी सेनेटला न विचारता मंत्र्यांना काढू नये, असा कायदा काँग्रेसने आदल्याच वर्षी केला होता. जॉन्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, काँग्रेसने दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढला. तरीही जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना घरी पाठवलं. मग प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला आणि खटला सेनेटपुढे उभा राहिला. एकूण ५४ सेनेटर, दोषी ठरवायला ३६ मतं हवीत. पडली ३५. विरुद्ध १९, आणि त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या विरोधी पक्षाचे सात जण होते. जॉन्सन एका मताने वाचले आणि मार्च १८६९ मध्ये मुदत संपेपर्यंत राहिले.

५४ पैकी ३५ विरोधात! आपल्या अर्थाचं ‘सरकार’ या आकड्यावर एक दिवस टिकलं नसतं. तिथे मात्र ३५ हा आकडा ‘पाडायला’ कामाचाच नव्हता, कारण प्रश्न विश्वासाचा नव्हता, गुन्हा शाबीत होतो की नाही याचा होता. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या पोटातून जन्माला येत नाहीत, म्हणून काँग्रेसला ते नकोसे झाले तरी पडत नाहीत. चार वर्षांनी, आताच्या नियमाप्रमाणे २० जानेवारीला दुपारी बारा वाजता, मुदत संपते, बस. ‘प्रशासन पडलं’ असं मराठीत कुणी म्हणत नाही, आणि तपासनीसांच्या दुरुस्तीच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा हाच.

‘प्रशासन’ शब्दात खोट नाही असं मात्र नाही. आपल्या कानाला पालिका प्रशासन, रुग्णालय प्रशासन, देवस्थानाचं प्रशासन सवयीचं. म्हणजे निवडून न आलेली, फायली हलवणारी माणसं. २०२२ पासून तर राज्यातल्या कितीतरी महापालिकांवर निवडणुकांअभावी प्रशासक बसलेले आपण पाहिले. माझे वडील एकदा पेपर खाली ठेवून म्हणाले, “बायडेन प्रशासन? का रे, तिकडे पण निवडणुका रखडल्यात का?” मी हसलो, पण शंका रास्त होती. अस्सल मराठीत ‘कारभार’ हा त्याहून जवळचा शब्द आहे. बारभाईंचा कारभार आपण अजून विसरलेलो नाही. पण ‘ट्रम्प यांचा कारभार’ म्हटलं की लगेच तक्रारीचा सूर लागतो. ‘काय कारभार चाललाय!’ असाच. बातमीच्या भाषेत तो चालणार नाही. तेव्हा प्रशासनच, पण मागे नाव लावून: लिंकन प्रशासन, बायडेन प्रशासन. नाव असलं की त्या एका राष्ट्राध्यक्षाच्या काळातलं कार्यकारी मंडळ, असा अर्थ बिनचूक पोहोचतो.

आणि हो, ‘सरकार’ शब्दाचा जुना अर्थ घेतलात तर गंमत उलटी होते. फारसीतून आलेला हा शब्द, ‘सर’ म्हणजे डोकं आणि ‘कार’ म्हणजे काम; कामाचा मुखत्यार. आपल्याकडे तो माणसालाच लावत. जहागीरदाराला ‘सरकार, आज्ञा व्हावी’ म्हणत. अमेरिकेच्या राज्यघटनेचं दुसरं कलम कार्यकारी सत्ता देतं ती मंडळाला नाही, एका माणसाला. त्या अर्थाने राष्ट्राध्यक्ष हेच ‘सरकार’ ठरतात! पण हा अर्थ आता फक्त जुन्या चित्रपटांत उरलाय.

शटडाउनच्या वेळी मथळ्यांची फजिती होते तीही यामुळेच. ‘अमेरिकेचं सरकार बंद पडलं’ हे वाचून वाटतं की राष्ट्राध्यक्ष गेले. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस अनेक खात्यांना मंजूर पैसाच नव्हता. विमानतळावर बॅगा तपासणारे बिनपगारी कामावर येत होते आणि राष्ट्राध्यक्ष जागेवरच होते. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून अडलं होतं. काँग्रेसने खर्च मंजूर केल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि राष्ट्राध्यक्षांची सही नसली तर खर्चाचं विधेयकही अडतं. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत झाला नाही तर लेखानुदान घेऊन गाडी पुढे जाते, आणि लोकसभेने पैसाच नाकारला तर सरकारलाच जावं लागतं. तेव्हा तिथल्यासाठी ‘सरकारी कामकाज ठप्प’ लिहा. ते बरोबर आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वर आलाच आहे म्हणून ‘महाभियोग’बद्दल सांगतो, कारण या शब्दावर सर्वांत जास्त अन्याय होतो. ‘महाभियोग झाला’ म्हणजे पदावरून काढलं, अशी समजूत पक्की आहे. शब्द मात्र तसं म्हणत नाही. अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. सरकारी वकिलाला कागदोपत्री ‘सरकारी अभियोक्ता’ म्हणतात तो यातूनच. तेव्हा महाभियोग म्हणजे मोठा आरोप, आणि अमेरिकेत तो नेमका तेवढाच असतो. आरोप ठेवायचा प्रतिनिधिगृहाने, साध्या बहुमताने. निवाडा करायचा सेनेटने, दोन तृतीयांशांनी. जॉन्सन यांच्यावर तो झाला, १९९८ साली क्लिंटन यांच्यावर झाला, ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असा दोनदा. पदावरून एकालाही काढलं गेलं नाही. ज्यांना खरंच जावं लागलं त्या निक्सन यांच्यावर महाभियोग झालाच नाही, कारण प्रतिनिधिगृहाचं मतदान होण्याआधीच, ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ‘निक्सन यांना महाभियोगाने हटवलं’ हे वाक्य दिसलं तर ते बेलाशक खोडा, लाल शाईने खोडा.

राहता राहिला ‘सचिव’. अमेरिकेत खातं सांभाळणाऱ्याला ‘सेक्रेटरी’ म्हणतात, म्हणून तुम्ही ‘परराष्ट्र सचिव’ लिहिलंत. शब्दाला शब्द बरोबर, पण आपल्याकडे सचिव म्हणजे परीक्षा देऊन आलेला, मंत्री बदलले तरी जागेवर राहणारा अधिकारी. तिकडचा सेक्रेटरी राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीचा, आणि सेनेटने हो म्हटल्यावर नेमलेला. सेनेट हो म्हणतेच असं नाही. १९८९ साली संरक्षणमंत्रिपदासाठी आलेलं जॉन टॉवर यांचं नाव सेनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी नाकारलं, आणि टॉवर तर स्वतः त्याच सेनेटमध्ये २० वर्षांहून जास्त बसलेले.

‘मंत्री’ही पुरता बसत नाही, हे कबूल. आपला मंत्री सभागृहाचा सदस्य असावाच लागतो. नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. अमेरिकेत बरोबर उलट आहे, सदस्य असेल तर आधी सदस्यत्व सोडावं लागतं. हिलरी क्लिंटन २००९ साली परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांनी सेनेटची जागा सोडली, २०२५ साली मार्को रुबिओ यांनीही सोडली. तरी दोन चुकीच्या शब्दांपैकी कमी फसवणारा ‘मंत्री’च, कारण वाचकाला निदान माणसाचं वजन कळतं.

एक शब्दसंच मात्र बराचसा बसला असता. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ‘मंत्री’ आणि ‘सचिव’ दोघंही होते, दोघंही प्रधान, दोघांनाही नेमणारे महाराज आणि जाब विचारणारेही महाराजच. कुठल्या सभागृहाचा प्रश्नच नव्हता. सचिव म्हणजे सुरनीस, राजपत्रं तपासून बिनचूक आहेत ना ते पाहणारा. आणि अमेरिकेचा ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ परराष्ट्र खातं सांभाळतो तसा देशाचा मोठा शिक्काही १७८९ पासून त्याच्याच ताब्यात असतो. म्हणजे अर्धं काम सचिवाचं. उरलेलं अर्धं, परराज्यांशी बोलणी करायचं, अष्टप्रधानांत ज्याच्याकडे होतं तो सुमंत, म्हणजे डबीर. ‘अमेरिकेचे सुमंत भारतभेटीवर’ असा मथळा मला भलताच आवडेल, पण तुमचे तपासनीस त्यावर काय ओढतील ते मी सांगायला नको.