लाल पेन बाजूला ठेवा, भाऊसाहेब

भाऊसाहेब,

यावल तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, 91 टक्के मिळाले, आता अकरावी सायन्सला आहे आणि ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची म्हणते. इंग्रजीत ‘अगदी साध्या’ चुका करते, म्हणून कॉलेज वर्षभर थांबवून तिला पुण्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. नको. त्यासाठी तिचा एक दिवसही घालवू नका.

मला काळजी वाटली ती पत्रातल्या दुसऱ्याच गोष्टींची. तिच्या चुकांना लाल गोल करून तुम्ही वहीचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकता, ‘लाज वाटली म्हणजे सुधारेल’ म्हणून. दिवाळीपासून घरात अहिराणीही बंद केलीय, अगदी मोठ्या मायशी, म्हणजे आजीशीसुद्धा बोलायची नाही. आणि पुढे तुम्हीच लिहिता की हल्ली ती जेवतानाही गप्प असते. भाऊसाहेब, काका-मामांसमोर रोज पाणउतारा होणारी सोळा वर्षांची पोर गप्पच बसणार. बोललंच नाही तर चूक निघत नाही, हे तिला कळलंय. ते फोटो आजच काढून टाका. पुन्हा टाकणार नाही, हे तिला समोर बसवून सांगा.

तुम्ही पाठवलेलं बायॉलॉजीच्या वहीचं पान मी ओळ न् ओळ वाचलं. झाडाच्या पानांतून पाणी वाफ होऊन कसं जातं, यावरचं उत्तर आहे. पर्णरंध्रं, त्यांच्या कडेच्या रक्षक पेशी, आकृती, सगळं चोख. झाड पाणी ‘गमावतं’ असं लिहिताना तिने ‘लूज’मध्ये एक ‘ओ’ जास्तीचा घातला आणि अर्थ ‘सैल’ असा झाला. ही चूक खरी. पण खालच्याच ओळीत प्रकाशाचा परिणाम होतो, हे सांगताना तिने ‘अफेक्ट्स’ असं ‘ए’ने लिहिलं होतं. ते खोडून तुम्ही ‘ई’ केलंय. तिथे ती बरोबर होती. परिणाम करणं या क्रियापदाला ‘ए’, आणि झालेला परिणाम हे नाम असेल तर ‘ई’. ‘तुझंच बरोबर होतं’ एवढं तिला म्हणा. कुठल्याही क्लासपेक्षा याचा तिला जास्त उपयोग होईल.

घरातल्या अहिराणीमुळे इंग्रजी बिघडतं, हा समज मात्र मनातून काढूनच टाका. ‘इट्स’मध्ये वर स्वल्पविरामासारखं चिन्ह द्यायचं की नाही, ‘युअर’चं स्पेलिंग कोणतं, यात इंग्लंडात जन्मलेली माणसंही गोंधळतात, कारण कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात. ‘डिड नॉट वेंट’, ‘डिस्कस अबाउट’, ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ या चुका पुण्या-मुंबईची मुलंही करतात. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं हे आपल्याला पटकन सुचत नाही, कारण मराठीत तसलं काही नाहीच. यात मोठ्या मायचा काय दोष? उद्या ही मुलगी डॉक्टर होऊन जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात बसली, तर ‘पोटमा दुखस’ म्हणत आलेल्या बाईला तिच्याच बोलीत चार प्रश्न विचारू शकेल. ती बोली तुम्ही तिच्याकडून काढून घेताय. हे मला अजिबात पटलेलं नाही.

नीट आणि सीईटीत इंग्रजीचा विषयच नाही, नीट मराठीतूनही देता येते. बारावीचा इंग्रजीचा पेपर ती सहज काढेल. पुढे मेडिकलची पुस्तकं इंग्रजीत असतात, तेव्हा तिला वाचून समजायला हवं, आणि तिच्या वहीवरून तरी ते समजतंय. स्पेलिंगचं म्हणाल, तर वहीच्या मागच्या पानावर गोंधळाची एकच जोडी घ्यायची, दोन्ही शब्दांची स्वतःच्या विषयातली वाक्यं करायची आणि हात बसला की पुढची जोडी. हे तिने करायचं. तपासायला मागितलं तरच तुम्ही पाहायचं.

आता तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट. पहिल्या घटक चाचणीत फिजिक्सला 25 पैकी 9. नीटच्या 720 पैकी 180 मार्क फिजिक्सचे असतात, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं अकरावीत बहुतेक वेळा इथेच अडतात. तिला गणित सुटत नाही, की प्रश्नच कळत नाही? पुण्याच्या क्लासला देणार होतात त्या पैशांत तालुक्यातच फिजिक्स शिकवणारे चांगले सर शोधा. चाचणीची उत्तरपत्रिका मला पाठवा, पण आधी तिला विचारून. सोबतचं पत्र या वेळी तिलाच लिहू द्या, कोणत्याही भाषेत चालेल, आणि पाकिटात घालण्याआधी ते तपासू नका.