समाजकार्याच्या संशोधनपत्रिकेचं सहसंपादकपद स्वीकारावं का?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून बडोद्यातच एका संस्थेत नोकरी करताय, सामाजिक न्यायावरच्या एका षण्मासिकाने सहसंपादक व्हाल का म्हणून विचारलंय, तर वेळ किती जातो, मानधन मिळतं का आणि पुढे प्राध्यापकीसाठी उपयोग होतो का.

मी अशाच एका पत्रिकेत सहा वर्षं होते. मानधन म्हणून एक रुपया मिळाला नाही. वेळ लेख वाचण्यात फारसा जात नाही, रिव्ह्यूअरच्या, म्हणजे लेख तपासून मत देणाऱ्या बाहेरच्या अभ्यासकांच्या, मागे लागण्यात जातो. चौघांना विचारलं की दोघे हो म्हणतात, आणि त्यातले एक तीन महिन्यांनी दोन ओळी पाठवतात.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे: 'मला वस्त्यांची चांगली माहिती आहे, पण संपादनात तिचा काय उपयोग?' खरा उपयोग तिचाच आहे.

काही वर्षांपूर्वी पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा लेख आमच्याकडे आला. विश्वामित्रीकाठच्या झोपड्या हलवल्यावर शहराच्या कडेला घरं मिळालेल्या कुटुंबांवर. लेख चांगला होता, आजही तसंच म्हणेन. सुटलेली धुण्याभांड्याची कामं, बसचं भाडं, तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीन चढवताना झालेले हाल, हे सगळं तिने तिथे जाऊन, बसून, ऐकून लिहिलं होतं. त्यात एक बाई होती. नाव बदललेलं. पण विधवा, शिवणकाम करणारी, त्या इमारतीतलं एकुलतं एक मराठी घर, आणि मुलगा सोळाव्या वर्षी चोरीच्या प्रकरणात निरीक्षणगृहात राहून आलेला. मी दांडिया बाजारात वाढले. त्या बाई नदीकाठी राहायच्या तेव्हापासून आईच्या साड्यांना फॉल त्याच लावत. उताऱ्याच्या दुसऱ्या ओळीलाच मला कळलं या कोण ते.

दोन्ही रिव्ह्यूअर बाहेरगावचे, बडोद्याशी संबंध नसलेले. त्यांना ओळख लागणं शक्यच नव्हतं. उलट हाच उतारा लेखाचा प्राण आहे, असं दोघांनी लिहून पाठवलं. मी मुख्य संपादकांकडे गेले. ते म्हणाले, "नाव बदललंय, संमतीपत्रावर सही आहे. गोपनीयता ही लेखकाची जबाबदारी. एवढे तपशील काढले तर लेखात उरतं काय?" मी वयाने आणि पदाने लहान. गप्प बसले. त्या पानांची प्रुफं मीच तपासली आणि मीच छापायला पाठवली.

अंक ऑनलाइन गेला. इमारतीतला एक मुलगा बी. ए.ला होता, त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ती पीडीएफ आली. महिन्याभरात बाई आमच्या दारात. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "ताई, मी त्या मुलीला सांगितलं होतं. इमारतीला नव्हतं सांगितलं." नव्या जागी मुलाचं मागचं कुणालाच ठाऊक नव्हतं, तो कारखान्यात रुळला होता. संमतीपत्र गुजरातीत होतं, बाईंना वाचता येतं ते मराठी, तेही अडखळत. सही मात्र खरी होती.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ मी त्यानंतर वाचलं, ही माझी चूकच. गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या अल्पवयीन मुलाबद्दल मनाई नुसत्या नावापुरती नाही. पत्ता, शाळा किंवा ज्यावरून मुलाची ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी ते संपादकांसमोर ठेवलं. ते म्हणाले, हे वर्तमानपत्रांसाठी आहे. कलमात वर्तमानपत्रांबरोबर मासिकं आणि संपर्काची इतर माध्यमंही स्पष्ट लिहिलेली आहेत. आमचं यावर आजतागायत एकमत नाही, आणि माझ्या मते ते तेव्हाही चूक होते, आजही चूक आहेत.

लेखकाचं नाव रिव्ह्यूअरला कळू नये म्हणून आपण फाइलच्या प्रॉपर्टीजसुद्धा पुसतो. ज्या बाईच्या आयुष्यावर लेख उभा आहे तिच्यासाठी नुसतं टोपणनाव पुरतं? ओळख लपली की नाही हे दिल्लीतल्या वाचकावरून ठरवू नका, शेजारणीवरून ठरवा. त्या भागात काम करणाऱ्या कुणाला तरी तेवढा उतारा वाचून दाखवा आणि विचारा, कोण असेल ही? उत्तर आलं तर लेख परत पाठवा. लेखकाला सांगा, पुन्हा जा, छापायचा मजकूर त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखव. लेखक चिडतात. चिडू द्या.

करिअरचं म्हणाल तर, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य पत्रिकांची 'केअर' यादी २०१९ मध्ये आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलेला हवा ही सक्ती २०२२ च्या नियमांत उरली नाही, पण विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात. तेव्हा 'लवकर छापा' म्हणून फोन येणारच. मुलाखतीत संपादनाच्या अनुभवाला किती वजन मिळेल, हे समोर कोण बसलंय त्यावर आहे.

एक मात्र राहिलं. प्रत्येकाची ओळख पुसायचीच असं नाही. हक्कासाठी अर्ज करून, मोर्च्यात उभं राहून लढलेल्या बाईला आपलं खरं नाव छापून हवं असतं, आणि ते छापलंच पाहिजे. तिला न विचारता टोपणनाव देणं हाही अन्यायच. विचारायचं तिला, संशोधकाला नाही.

पाठपुरावा करून चार महिन्यांनी मी साइटवरची पीडीएफ बदलून घेतली. जुनी अजून फिरते.

तुम्ही नेमणुकीच्या पत्रात एक ओळ मागा: कुणाची ओळख उघड होत असेल तर सहसंपादक लेख थांबवू शकेल. मी मागितली होती, मिळाली नाही, म्हणून मी सोडलं. तुम्हाला मिळाली तर हे पद जरूर घ्या.