गुलाबावरचे काळे ठिपके: आधी पाला वेचा, मग पंप भरा

प्रश्न: अंगणात 15 गुलाब आहेत. पावसाळा लागल्यापासून पानांवर काळे ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून कार्बेन्डाझिम, हेक्झाकोनॅझोल ही बुरशीनाशकं आणि टॉनिक एकत्र करून दर चार दिवसांनी मारतो. आता शेंडेही आखडलेत. मात्रा वाढवू का?

उत्तर: अजिबात वाढवू नका. शेंडे औषधानेच आखडलेत. हेक्झाकोनॅझोल जास्त झालं की पेरं आखूड पडतात, पान जाड आणि गर्द हिरवं होतं. कार्बेन्डाझिम सारखं मारलं की बुरशी त्याला दाद देत नाही. आणि टॉनिक दुकानदाराच्या गल्ल्याला लागू पडतं, ठिपक्यांना नाही.

फवारणी थांबवा. खाली पडलेलं एकूण एक पान वेचा, झाडावरची ठिपक्यांची पानं खुडा, सगळं खोल पुरा. खतखड्ड्यात टाकू नका. बुरशी याच पाल्यात टिकते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर चढते. म्हणून रोग नेहमी बुडाच्या पानांपासून सुरू होतो. हे न करता फवारलंत तर पैसे पाण्यात.

मग मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंनी. 15 झाडांना 4 लिटर द्रावण पुष्कळ, म्हणजे पावडर फक्त 8 ग्रॅम. झाकणाने मोजू नका, काट्यावर मोजा. पुढची फवारणी 10 दिवसांनी, उघडीप पाहून. पडलेला ठिपका पुसला जात नाही; नवी पालवी स्वच्छ निघाली की औषध लागू पडलं. जुने ठिपके दिसतात म्हणून पुन्हा मारू नका.

थंडीत भुरी (पानांवर पांढरी भुकटी) आली तर पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम. पारा 32 अंशांवर असेल तर नको, पानं करपतात. निंबोळी तेल आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर हवंच. दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत देतो, तुम्ही एकाच पंपात घालू नका.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नका. 2017 ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे विसरू नका. फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला वापरू नका.

ऑक्टोबर छाटणीनंतर प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लावाच: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. लोखंडी सुरी बुडवून पाहा; तांबूस थर चढला तर चुना वाढवा. फांदीमर, म्हणजे फांदी शेंड्याकडून वाळत जाण्याचा रोग, कापातूनच शिरते.

औषधाचं पक्कं बिल घ्या.