मूळ पान पाहिलेत का?

शोधनिबंधातल्या संदर्भांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिले उत्तर मुद्दाम लांब आहे, कारण बाकीच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

मी एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतले आहे. गोव्यातल्या औषधी वनस्पतींवर प्रोजेक्ट चालू आहे. एका रिव्ह्यू पेपरमध्ये सोळाव्या शतकातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा दाखला सापडला. मूळ पुस्तक पोर्तुगीजमध्ये, ते मला वाचता येत नाही. सरळ ‘ऑर्ता, १५६३’ असे लिहिले तर चालेल का? – विद्यार्थिनी, फोंडा

नाही. ‘ऑर्ता, १५६३’ असे लिहिता तेव्हा तुम्ही वाचकाला शब्द देता की ते पान मी उघडले आहे, वाचले आहे आणि तिथे हेच लिहिले आहे. ऐकीव साक्ष कोर्टात टिकत नाही, ती प्रबंधात तरी का टिकावी?

ऑर्ताचेच उदाहरण आलेय, तर जरा त्याच्यापाशी थांबू. त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. इथे छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. सारे पुस्तक संवादात आहे. रुआनो नावाचा पाहुणा वैद्य विचारतो आणि ऑर्ता सांगतो. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियस या युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला. संवाद गेले, मजकूर घटला, मांडणी बदलली, वर त्याच्या स्वतःच्या टिपा आल्या. युरोपातल्या कितीतरी पंडितांना ऑर्ता कळला तो या लॅटिनमधून. पुढे १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाव द कोस्ता या दुसऱ्या वैद्याने स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहिले. त्यात ऑर्ताकडचा पुष्कळ मजकूर आहे आणि जोडीला त्याने काढलेली चित्रे आहेत. म्हणजे ‘ऑर्ता म्हणतो’ या दोन शब्दांआड तीन वेगवेगळी माणसे बोलत असू शकतात. तुमच्या रिव्ह्यू पेपरच्या लेखकाने यांतले कोणते पुस्तक हातात धरले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मार्ग अवघड नाही. मार्खम यांचा १९१३ सालचा इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतो. तो वाचा, पान क्रमांक टिपून घ्या आणि ‘ऑर्ता १५६३, मार्खम यांचा अनुवाद १९१३’ असा संदर्भ द्या. तेही जमले नाही, तर मजकुरात ‘अमुक लेखात उद्धृत’ असे स्पष्ट लिहा आणि सूचीत फक्त तुम्ही वाचलेला लेख ठेवा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. तिथल्या ग्रंथपालांना विचारायला संकोच करू नका.

आणखी एक गोष्ट, जी वनस्पतिशास्त्रवाल्यांच्या हमखास नजरेतून सुटते. ऑर्ताच्या पुस्तकात आजची शास्त्रीय नावे असणे शक्यच नाही. लिनियसने वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली ती १७५३ साली. त्यामुळे ऑर्ताचे झाड म्हणजे आजची अमुक जाती, हे कोणीतरी नंतर ठरवलेले असते. तो संदर्भ वेगळा द्यायचा.

दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उतरवून घेण्याची सवय किती पसरली आहे, हे सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये छान पकडले. संदर्भातल्या छापील चुका, चुकलेला खंड किंवा चुकलेले पान, एका पेपरातून दुसऱ्यात जशाच्या तशा कशा उतरतात, हे त्यांनी मोजले. त्यावरून त्यांचा अंदाज असा की, संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच लोक मूळ लेख वाचतात. माझ्याही हातून हे घडले आहे. एम.फिल.च्या वेळी खारफुटीवरच्या एका जुन्या लेखाचा संदर्भ मी दुसऱ्याच्या सूचीतून उचलला. खंड बरोबर होता, पान चुकीचे. पुढे माझाच एक विद्यार्थी त्या पानापर्यंत पोचला, तर तिथे शिंपल्यांवरचा लेख. झेरॉक्स घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवसापासून न पाहिलेले पान मी सूचीत घातलेले नाही.

पीएच.डी.च्या प्रबंधाचा सिमिलॅरिटी रिपोर्ट १८ टक्के आला. गाईड म्हणतात, दहाच्या खाली आणा. शब्द बदलत बसलो आहे. – संशोधक, साखळी

शब्द बदलणे आधी थांबवा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्यावरचे २०१८चे नियम स्वतः वाचा. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत पहिला स्तर, त्यात सहा महिन्यांच्या आत सुधारून प्रबंध पुन्हा सादर करायचा. पण श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे सगळे मोजणीतून वगळायचे असते. सर्वज्ञात मजकुरातले किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही धरायचे नसते. रिपोर्ट काढताना हे वगळले होते का, ते आधी बघा. पुष्कळदा आकडा तिथेच उतरतो.

तरीही उरलेच, तर ते परिच्छेद काढा, मूळ लेख मिटून ठेवा आणि तुम्हाला काय कळले ते तुमच्या भाषेत लिहा. शेवटी संदर्भ द्या. ‘वाढ’च्या जागी ‘वृद्धी’ घातल्याने सॉफ्टवेअर फसेल, पण विचार दुसऱ्याचाच राहतो. आणि संदर्भ नसेल, तर शून्य टक्के साम्य असले तरी ती चोरीच.

संदर्भ देताना एपीए पद्धत वापरावी की व्हँकूव्हर? – म्हापसा

जर्नल किंवा विद्यापीठ सांगेल ती. एपीएमध्ये मजकुरात आडनाव आणि साल येते, व्हँकूव्हरमध्ये क्रमांक. एकच धरा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर मोफत आहे. मात्र त्यात आपोआप भरलेली प्रत्येक नोंद एकदा डोळ्यांखालून घाला, कारण आपल्याकडची नावे तिथे हटकून उलटीपालटी होतात.

चॅटजीपीटीने मला दहा संदर्भ काढून दिले. दिसायला अगदी बरोबर आहेत. वापरू का? – प्राध्यापक, मडगाव

दिसायला बरोबर असतात, हीच तर अडचण आहे. लेखक खरा, जर्नल खरे, पण तसा लेख कधी छापलाच गेलेला नाही, असे सर्रास घडते. प्रत्येक नोंदीचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या. तो नेहमी ‘१०’ आणि टिंबाने सुरू होतो. डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून लेख उघडतो का पाहा, आणि उघडलेल्या लेखाचे शीर्षक तुमच्या नोंदीशी ताडून बघा. डीओआय खरा आणि लेख भलताच, असेही होते. जुन्या लेखांना किंवा आपल्याकडच्या लहान नियतकालिकांना डीओआय नसतो. तिथे त्या नियतकालिकाच्या अंकाची अनुक्रमणिका काढून बघा.

लेख खरा निघाला तरी तो मागे घेतलेला नाही ना, तेही पाहा. लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८चा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण लोक त्याचा हवाला अजून देतात.

खाणींवर लिहिताना मी ‘गाडगीळ अहवाल’ असा संदर्भ दिला. परीक्षकांनी लाल खूण केली. का? – डिचोली

कारण त्या नावाचा अहवाल छापलेला नाही. ते बोलण्यातले नाव आहे. अहवाल पश्चिम घाट परिसरविज्ञान तज्ज्ञ गटाचा. माधव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते आणि तो ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर झाला. लेखक म्हणून गटाचे नाव, मग साल, शीर्षक, भाग आणि पान असा संदर्भ द्या. पान हवेच. अहवालाने पश्चिम घाटाची पर्यावरणीय संवेदनशीलतेनुसार क्षेत्रे पाडली आहेत, आणि गोव्यातल्या खाणींबद्दलच्या शिफारशी क्षेत्रागणिक वेगळ्या आहेत. पहिल्या क्षेत्रातल्या खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायच्या, आणि पहिल्या-दुसऱ्या क्षेत्रांत नव्या खाणींना पर्यावरण परवाने द्यायचे नाहीत. ‘गाडगीळांनी खाणी बंद करायला सांगितल्या’ या एका वाक्यात हा भेद पुसला जातो. वर्तमानपत्रातली बातमी वाचून लिहिले असेल, तर बातमीचाच संदर्भ द्या.

चोडणच्या खाजनांवर, म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेल्या शेतजमिनींवर, अभ्यास करतो. मानस (बांधातले पाण्याचे दार) कधी उघडायची, बांधाला कुठली माती लावायची, हे सगळे एका ऐंशी वर्षांच्या आजोबांनी सांगितले. पुस्तकात यातले काहीच नाही. संदर्भ कुणाचा देऊ? – शिक्षक

आजोबांचा. मानशीचे लाकडी दार भरतीच्या दाबाने बंद होते आणि ओहोटीला उघडते, एवढे पुस्तकांत मिळेल. पण दाराच्या फटीतून पाझरणाऱ्या पाण्याची चव घेऊन बांध कुठे खचतोय ते सांगणारा माणूस तुम्हाला भेटला असेल, तर ती माहिती त्याची आहे. ‘स्थानिक लोकांच्या मते’ असे लिहून माणूस पुसून टाकू नका.

एपीएमध्ये अशी माहिती व्यक्तिगत संवाद म्हणून फक्त मजकुरात येते. नाव आणि नेमकी तारीख द्यायची. वाचकाला ती पुन्हा उघडून पाहता येत नाही, म्हणून सूचीत घालत नाहीत. तुम्ही रेकॉर्डिंग करून ते एखाद्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात जमा केलेत, तर मात्र सूचीतही देता येते आणि उद्याच्या अभ्यासकाला ऐकताही येते. तसे जरूर करा. आधी आजोबांची संमती घ्या, नाव छापलेले चालेल का ते विचारा. नको म्हणाले, तर गाव आणि वय एवढेच द्या. आणि पाठवण्याआधी त्यांच्या नावावर तुम्ही काय लिहिले आहे, ते त्यांच्या अंगणात बसून त्यांना वाचून दाखवा. ‘तसे नव्हे बाबा’ म्हणाले, तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.