गाडीच्या आधी ड्युटी चार्ट

छोट्या गावात स्वयंसेवकांच्या बळावर रुग्णवाहिका सुरू करू पाहणाऱ्यांची बरीच पत्रं साठली होती. त्यातल्या चार प्रश्नांना आज उत्तर देतो आहे.

प्रश्न : एक देणगीदार आम्हाला गाडी द्यायला तयार आहेत. आम्ही बारा जण आहोत. लगेच सुरू करावं का?

गाडीला महिनाभर थांबू द्या, आधी कागद-पेन्सिल घ्या. आठवड्याचे तास १६८. गाडीवर एका वेळी किमान दोघं हवेत, एक चालवायला आणि एक रुग्णापाशी बसायला. म्हणजे ३३६ तास झाले. नोकरीधंदा सांभाळून प्रत्येकाने आठवड्याला १२ तास दिले तरी २८ माणसं लागतात. आजारपणं, परीक्षा, घरचे प्रसंग धरून ३५ म्हणा. बारा जणांत चोवीस तासांची सेवा होणार नाही. दोन महिने उत्साहात निघतील आणि तिसऱ्या महिन्यात एखाद्या रात्री फोन नुसता वाजत राहील. तुमच्या भरवशावर ज्यांनी दुसरीकडे फोन केला नाही, त्या घराचं नुकसान आपल्या हातून झालेलं असेल.

बारा जणांत आठवड्याचे ७२ तास भरतात. रोज रात्री ९ ते सकाळी ६ एवढंच घ्या, ते ६३ होतात आणि रजेला थोडी जागा उरते. पण ते एकही रात्र न चुकता. बाकीच्या वेळी कुठे फोन करायचा, हेही गावभर सांगा.

प्रश्न : आमच्यात डॉक्टर-नर्स कुणीच नाही. साध्या माणसांनी यात पडावं का?

जरूर पडावं, पण शिकून. अमेरिकेतल्या रोनोक शहरात ज्युलियन वाइज या मुलाने १९०९ साली नदीत दोघांना बुडताना पाहिलं. काठावर माणसं होती, पण वाचवायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. १९२८ मध्ये त्यानेच रेल्वेतल्या सहकाऱ्यांना घेऊन स्वयंसेवकांचं बचाव पथक उभं केलं. पुढे १९६७ मध्ये पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस ही सेवा सुरू झाली. बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर साफर यांच्या मार्गदर्शनाखाली कसून प्रशिक्षण मिळालं आणि त्यांनी उत्तम काम करून दाखवलं.

हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून छातीदाब प्रत्येकाच्या हाताला बसलाच पाहिजे : मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. रक्तस्राव थांबवणं आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणं त्याच्याच बरोबरीने शिका.

आणखी एक सराव हमखास राहून जातो : अरुंद, वळणाच्या जिन्यावरून भरलेलं स्ट्रेचर उतरवणं. रुग्णाचे पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला. खालचा माणूस उलटा उतरत असतो, त्याच्या पाठीला तिसऱ्याचा हात हवा आणि पायऱ्या मोठ्याने मोजत राहायला हव्यात. आपल्यातल्याच एखाद्या वजनदार माणसाला झोपवून दहा वेळा करून बघा.

प्रश्न : गाडीत ऑक्सिजन किती ठेवावा?

गुणाकार-भागाकार करूनच ठरवा. ३४० लिटरचा सिलिंडर मिनिटाला १० लिटरने ३४ मिनिटांत संपतो. रुग्णालय ४० मिनिटांवर असेल तर एक पुरणार नाही. एका रात्री मी दम्याच्या रुग्णाला मास्क लावला आणि काटा शून्यावर. आधीच्या पाळीत व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला होता. सुदैवाने दुसरा सिलिंडर भरलेला होता. तेव्हापासून काट्यावरचा आकडा वहीत लिहून, सही करूनच मी किल्ली हातात घेतो.

प्रश्न : एका भीषण अपघातानंतर आमचा एक मुलगा येईनासा झालाय. काय करावं?

त्याच्या घरी जा, पण ड्युटीचा विषय काढू नका. सगळ्यांसमोर त्याच्याकडून हकिकत वदवून घेऊ नका. अशा सक्तीच्या बैठकीने फायदा होत नाही, काहींचा त्रास वाढतो. झोप उडणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं महिन्यानंतरही चालू राहिलं, किंवा त्याआधीच त्याचं रोजचं जगणं अडलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत कुणीतरी जा. चार्टवरचं त्याचं नाव खोडू नका. दिवसा सिलिंडर तपासणं, वह्या लावणं जमत असेल तर ते त्याला करू द्या आणि रात्रीच्या पाळीचं तोच स्वतःहून म्हणेपर्यंत विचारू नका.