तारकागुच्छ पाहू लागताना

सप्रेम आशीर्वाद.

मोठी दुर्बीण आताच घ्यावी का, असे तू विचारले आहेस. खुल्या तारकागुच्छांची, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांच्या सैलसर थव्यांची, ओढ लागली असेल, तर पहिले वर्ष नुसते डोळे आणि १०×५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री यांवरच काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कृत्तिकांचा पुंज आकाशात सुमारे दोन अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या चौपट रुंदीचा आहे. दुर्बिणीच्या अरुंद क्षेत्रात त्यातले मोजके तारे दिसतात आणि गुच्छ हरवतो, द्विनेत्रीत मात्र तो भोवतीच्या काळोखासह अख्खा मावतो.

सुरुवात हिवाळ्यात वृषभ राशीपासून कर, कारण तेथे दोन गुच्छ जवळजवळ आहेत. कृत्तिका आपल्यापासून साधारण ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत, तर दुसरा गुच्छ, म्हणजे रोहिणी ताऱ्याजवळची रोहिणी शकटाची कोनाकृती, १५० प्रकाशवर्षांवर आहे. ज्या तांबूस रोहिणीमुळे त्या शकटाला नाव मिळाले, ती स्वतः मात्र या गुच्छातली नाही. ती अवघ्या ६५ प्रकाशवर्षांवर, गुच्छाच्या अलीकडे आहे. आकाशात शेजारी दिसणारे तारे अंतराळातही शेजारी असतीलच असे नाही, हे येथे एकदा नीट समजून घे.

त्यानंतर रंगांकडे लक्ष दे, कारण गुच्छांचे खरे मोल त्यातच आहे. एका गुच्छातले तारे एकाच वायुमेघातून जवळपास एकाच काळात जन्मलेले असतात. त्यांचे वय सारखे असते, वस्तुमान मात्र वेगवेगळे. जड तारे निळसर आणि प्रखर असतात, आपले इंधन लवकर संपवतात आणि फुगून तांबूस होतात, त्यामुळे कोणते तारे अजून निळे उरले आहेत यावरून साऱ्या गुच्छाचे वय काढता येते. कृत्तिकांचे ठळक तारे निळसर आहेत, कारण त्यांचे वय दहा कोटी वर्षांच्या थोडेसेच पुढे आहे. रोहिणी शकटाचे वय साठ कोटींच्या वर आहे. म्हणून त्यात नारिंगी राक्षसी, म्हणजे फुगलेले, तारे दिसतात. कर्क राशीत, पुष्य नक्षत्राजवळ जो धूसर ठिपका दिसतो, तो गुच्छही याच वयाचा आहे, आणि गॅलिलिओने त्यात चाळीसहून अधिक तारे असल्याचे १६१० साली प्रसिद्ध केले होते. द्विनेत्री लावून ते स्वतः मोज. घाई करू नकोस. याच राशीतला एम ६७ (मेसिएच्या यादीतला ६७ वा) हा गुच्छ सुमारे चार अब्ज वर्षांचा आहे. बहुतेक खुले गुच्छ आकाशगंगेच्या तबकडीतील मेघांच्या आणि ताऱ्यांच्या ओढीने काही कोटी वर्षांत विखुरतात. एम ६७ त्या तबकडीच्या प्रतलापासून बराच दूर असल्यामुळे टिकला असावा.

फ्रेंच खगोलज्ञ मेसिए यांची गुच्छ, तेजोमेघ वगैरे ११० वस्तूंची यादी तू पाठ केली आहेस, ते चांगलेच आहे. पण ती पॅरिसच्या आकाशातून तयार झाली, आणि गोवा साडेपंधरा उत्तर अक्षांशावर आहे, हे विसरू नकोस. पॅरिसला जे कधी उगवतच नाही ते आपल्याला दिसते. फ्रेंच खगोलज्ञ लकाय यांना ते दक्षिणेचे आकाश पाहण्यासाठी १७५१ साली केप ऑफ गुड होपला जावे लागले होते. अगस्त्याच्या नौकातल तारकासमूहात थीटा ताऱ्याभोवतीचा आयसी २६०२ हा गुच्छ आहे (आयसी आणि एनजीसी ही मेसिएनंतरच्या मोठ्या याद्यांची नावे). जवळच एनजीसी ३५३२ हा दाट गुच्छ आहे, हबल या अंतराळ दुर्बिणीने मे १९९० मध्ये आपले पहिले छायाचित्र त्याचेच घेतले. त्रिशंकू या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला एनजीसी ४७५५ हा गुच्छ आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर येतो. द्विनेत्रीत तो लहानसा ठिपकाच वाटेल. यासाठी मात्र पुढे दुर्बीण लागेल.

इतक्या खालच्या उंचीवर समुद्राची दमट हवा आणि मच्छीमार होड्यांचे दिवे फार अडथळा करतात. म्हणून पणजीच्या मांडवीकाठच्या झगमगाटापासून दूर, दक्षिणेला डोंगर आडवा येत नाही असा एखादा उंच सडा, म्हणजे खडकाळ पठार, शोध आणि सोबत कोणी वडीलधारे असल्याशिवाय जाऊ नकोस. एप्रिलच्या उत्तरार्धात नऊच्या सुमारास नौकातलातले गुच्छ आणि मेच्या आरंभी दहाच्या पुढे त्रिशंकू दक्षिणेत सर्वांत वर असतो. अमावास्येजवळची रात्र निवड. वृश्चिकाच्या नांगीत, मूळ नक्षत्राच्या बाजूला असलेले एम ६ आणि एम ७ पाहायला मात्र मार्चमध्ये पहाटे पाचला ऊठ, कारण ते रात्री सोयीच्या वेळी वर येऊ लागतात तोवर आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असतो.