'बोट मेल'मधली बोट कुठे गेली?

प्रश्न असा आलाय की चेन्नईहून रामेश्वरला जाणाऱ्या गाडीला बोट मेल का म्हणतात, बोट तर कुठेच दिसत नाही, आणि अशा गाडीला मराठीत काय म्हणायचं.

आधी समास सोडवूया. मालगाडी माल नेते, बैलगाडी बैल ओढतात, आगगाडी आगीवर चालायची, त्यामुळे बोट मेल ऐकलं की आपल्याला वाटतं ही बोटीवर चढणारी गाडी असणार. (तशाही असतात, इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीत अख्खे डबे जहाजावर चढवतात, पण ती वेगळी गोष्ट.) बोट मेल हा शब्द कांदेपोह्यांच्या जातीचा आहे, मध्यमपदलोपी. कांदे घालून केलेले पोहे, तशी बोट गाठून देणारी मेल, मधलं 'गाठून देणारी' गळून गेलं.

आणि ही गाडी खरंच बोट गाठून द्यायची. आधी ती तुतिकोरिनला जायची, तिथून कोलंबोची बोट. 1914 ला रामेश्वरच्या बेटाला जोडणारा पांबनचा पूल झाला मग गाडी थेट बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीला जायला लागली, तिथे उतरायचं, बोटीने श्रीलंकेतलं तलैमन्नार, पलीकडे कोलंबोची गाडी उभी, आणि मद्रास ते कोलंबो तिकीट एकच! डिसेंबर 1964 च्या वादळात धनुष्कोडी गेलं, मग काही वर्षं रामेश्वरहून बोट सुटायची, 80 च्या दशकात श्रीलंकेतल्या युद्धामुळे तीही थांबली. नाव मात्र गाडीला अजून चिकटलेलं आहे, मला हे फार आवडतं.

आपल्या मुंबईतही हे होतं. बॅलार्ड पियरला धक्क्यालाच लागून मोल स्टेशन होतं, विलायतेची बोट लागली की उतारू तिथूनच गाडीत बसायचे. 1928 ला सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल हिवाळ्यात तिथूनच सुटायची. 1944 ला ते स्टेशन बंद झालं.

आता मराठी शब्द. 'बोटगाडी' मला पटत नाही, त्यात बोट हाताचं की पाण्यातलं ते कळतच नाही. आपण कंपनीची बस म्हणतो, शाळेची रिक्षा म्हणतो, तसं सरळ 'बोटीची गाडी' म्हणावं. षष्ठी लावली की घोळ मिटतो, कारण हाताचं बोट असतं तर 'बोटाची' झालं असतं. 'बोटीची गाडी चुकली' म्हणून बघा, लगेच कळतं.